लेबल एफआयएचं, ग्लोव्हज कार्टिंगचे

स्पोर्ट्स कारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या रेसिंग ग्लोव्हजची एक 'लास्ट पीस' जाहिरात फिरतेय. त्याच माणसाने मला साडेआठ हजारांची टोपी घातली, म्हणून सविस्तर लिहितो. (असली गाडी ठेवणारा साडेआठ हजारांसाठी कसला रडतो, असं वाटलं तर आधी आगीबद्दल वाचा, मग हसा.)

रस्त्यावर चालवायचे मऊ चामड्याचे, सांध्यांवर भोकं असलेले ग्लोव्हज माझ्याकडे होतेच. मुंबईच्या दमट हवेत घामाने आल्कंटाराचं (मखमलीसारख्या कृत्रिम कापडाचं) स्टिअरिंग चकचकीत आणि गुळगुळीत होऊन जातं, तेवढं वाचवायला ते पुरतात. पण चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी न्यायची होती आणि तिथे आगीचा विचार करावा लागतो. रेसिंगचे ग्लोव्हज नोमेक्ससारख्या धाग्याचे असतात. हा धागा ज्वाळेत वितळत नाही. काळा पडतो, आणि ज्वाळा बाजूला केली की विझतो. पॉलिएस्टर मात्र वितळून कातडीला चिकटतं. २०२० मध्ये बहारीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत रोमँ ग्रोजाँ सुमारे २८ सेकंद जळत्या गाडीत होता. अंगावर सगळा मान्यताप्राप्त पोशाख असूनही त्याचे हात भाजले. अस्सल माल घातलेल्याची ही गत.

अस्सल म्हणजे एफआयएच्या, म्हणजे मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, ८८५६-२०१८ या मानकाचा. त्याआधीचं मानक ८८५६-२०००. नव्या मानकाच्या लेबलवर मान्यता क्रमांक आणि होलोग्राम असतो, आणि मान्यता मिळालेल्या मालाची यादी एफआयएच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. मला फसवणाऱ्याला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि त्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

"दुबईच्या लॉटमधला शेवटचा पीस आहे सर," असं म्हणत त्याने व्हिडिओ पाठवला. नामांकित कंपनीचे ग्लोव्हज, लेबल अगदी जवळून, होलोग्राम तिरका करून रंग बदलताना दाखवलेला. व्हिडिओतला क्रमांक मी यादीत शोधला, तो तंतोतंत जुळला. जुळणारच, कारण व्हिडिओतली जोडी खरी होती. कॅश ऑन डिलिव्हरी मागितली तर म्हणाला, "इम्पोर्टेड माल आहे सर, सीओडीत कुरिअरवाले घोळ करतात." मी यूपीआयने पैसे पाठवले. नाव कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं आलं. विचारल्यावर उत्तर तयार होतं: "भावाचं अकाउंट आहे."

कुरिअरने आलेली जोडी रंगाने, लोगोने हुबेहूब तीच. हातात घातल्यावर मात्र बोटांच्या टोकांना आतली शिवण टोचायला लागली. चांगल्या रेसिंग ग्लोव्हजची शिवण बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला असते, ती याचसाठी. होलोग्राम म्हणजे नुसती चंदेरी चकाकी, कसाही फिरवा, बदल शून्य. लेबलचे टाके ताजे, बाकीच्या शिवणीपेक्षा वेगळ्या रंगाचे. आतल्या शिवणीचा एक लोंबता धागा कापून चिमट्यात धरला आणि काडी लावली. क्षणात आक्रसला, त्याचा काळा टणक मणी झाला आणि घरभर प्लास्टिकचा वास.

शर्यतींच्या वेळी गाड्या आणि साहित्य तपासणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना ते दाखवले. ते उलटेपालटे करून म्हणाले, "कार्टिंगचे आहेत." कार्ट म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी. तिला सहसा सीटबेल्ट नसतो, चालक उघड्यावर बसलेला असतो, अपघातात बाहेर फेकला जातो, म्हणून तिथल्या ग्लोव्हजमध्ये घासण्यापासून बचाव पाहतात, आगीचा फारसा विचार नसतो. दिसायला फरक जवळजवळ नाही. कार्टिंगची दोन-अडीच हजारांची जोडी घ्यायची, नकली लेबल शिवायचं आणि तिप्पट-चौपट भावाला विकायची. आणि हा माल पकडलाही जात नाही, कारण स्पर्धेत साहित्याची तपासणी होते, पण हौशी ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर हौसेने पळवायच्या दिवशी, हेल्मेट पाहिलं की बहुधा आत सोडतात. ग्लोव्हजचं लेबल कोण वाचत बसतो? जी जोडी कधी आगीत गेलीच नाही, तिचा मालक ग्रुपवर 'मस्त क्वालिटी' असा अंगठा देऊन मोकळा.

विक्रेत्याला जळत्या धाग्याचा आणि त्या लेबलचा व्हिडिओ पाठवला. आधी "लेबल उन्हाने तसं होतं सर", मग "तुम्हीच बदलली असेल जोडी", आणि मग ब्लॉक. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. तिथे पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. माझ्या बाबतीत पार्सल येईपर्यंतच आठवडा गेला होता. पैसे अजून परत नाहीत.

तो व्हिडिओही त्याचा नव्हता. पुढे एका युरोपीय दुकानाच्या जुन्या पोस्टमध्ये तोच सापडला, आवाजासकट. लेबल धरणाऱ्या अंगठ्याच्या नखावर निळा डाग आहे, त्यावरून ओळखला. आता मी कुठल्याही नव्या विक्रेत्याला एकच सांगतो: कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहा, तो कागद लेबलशेजारी ठेवा आणि आतली शिवण उलटी करून व्हिडिओ काढा. दोघांनी 'पाठवतो सर' म्हणून पुन्हा उत्तर दिलं नाही. कोइम्बतूरच्या एका दुकानदाराने मात्र दहा मिनिटांत पाठवला. त्याने सोळा हजार घेतले.

निळ्या डागाच्या नखाचा व्हिडिओ परवा पुन्हा दिसला, नवीन पेजवर, नवीन नंबरसकट, भाव आता साडेसात. मी रिपोर्ट केलंय. तुमच्या ग्रुपवर आला तर तुम्हीही करा.