अमेरिका की न्यूझीलंड: स्वतः गाडी चालवायची तर कुठे?

वरूडकडच्या आमच्या संत्रापट्ट्यातली बरीच मंडळी आता मुलांकडे परदेशी जाऊन येतात. तिथे भाड्याने गाडी घ्यावी का, हे मला विचारतात, कारण मी दोन्हीकडे चालवली आहे. परवान्याचं काम सारखंच. अमरावतीच्या आरटीओतून १००० रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, आणि मूळ परवानाही सोबत ठेवा.

अमेरिकेत रस्ते प्रशस्त, पार्किंगला जागा भरपूर. चौकात चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असेल तर जो आधी आला तो आधी जातो, आणि लोक ते खरंच पाळतात. पिवळ्या स्कूलबसचे लाल दिवे लागले की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं.

मला नडलं ते उजव्या बाजूने चालवणं. तेही गर्दीत नाही, तिथे पुढच्या गाडीमागे राहिलं की झालं. टेक्सासमध्ये एका पहाटे पेट्रोल पंपावरून निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि तीस वर्षांच्या सवयीने गाडी डावीकडे घातली. समोर दिवे दिसले आणि बायको ओरडली. काही झालं नाही, पण पुढचे आठ दिवस प्रत्येक वळणावर पोटात गोळा यायचा. आपला हात गावाकडच्या रिकाम्या रस्त्यांवरच बसलेला, त्यामुळे रस्ता रिकामा दिसला की तो जुन्याच बाजूला ओढतो.

न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून. जपानहून आलेल्या गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, म्हणून पहिल्या दिवशी वळताना वायपर सुरू व्हायचे. त्यात कुणाच्या जिवाला धोका नाही. रस्ते मात्र अरुंद आणि वळणावळणाचे. शहराबाहेर १०० किलोमीटरची मर्यादा असली तरी मी ७०-८० च्या वर फारसा गेलो नाही. एका वेळी एकच गाडी जाईल असे अरुंद पूल पुष्कळ. पाटीवर आपल्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. पांदणीत समोरून भरलेली बंडी आली की आपण कडेला थांबतो, तसंच.

लेक अमेरिकेत असेल तर जायचं तिकडेच, आणि कुणाचा हात लवकर बसतही असेल. तिथे मी आता स्टिअरिंग जावयाकडे देतो. पण केवळ फिरायचं असेल तर आंबिया बहाराची संत्री उतरवून बगीचा ताणावर टाकला, म्हणजे त्याचं पाणी तोडलं, की डिसेंबर-जानेवारीत थोडी उसंत असते. तेव्हा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर उन्हाळा असतो, आणि रात्री नऊपर्यंत उजेडात गाडी चालवता येते.