गव्हावर गहू, आणि उपवासाचं जातं वेगळं: विश्रामबागकडची एक गिरणी

सांगलीत विश्रामबागच्या आतल्या गल्लीत एक गिरणी आहे, पाटीवर नुसतं ‘पिठाची गिरणी’ एवढंच. दोन वर्षं झाली माझं दळण तिथंच जातंय, लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. आज रविवार, चर्चच्या उपासनेहून घरी आले, गिरणी बंद, म्हणलं आता लिहूनच टाकू.

आधी पिठाचं सांगते. ज्वारीचं पीठ तिथं जास्त तापवत नाहीत त्यामुळं विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, टिकते, भाकरी थापताना चिरा पडत नाहीत. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी असंच लावतात, मधेच कुणाची बाजरी आली तर तिला थांबावं लागतं, पण कणकेत बाजरीचा कण सापडत नाही. आणि दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं ठोकून खरबरीत केला, की पहिलं पीठ कचकचतं हे ज्यांच्या दाताखाली आलंय त्यांना माहितीय, तर गिरणीवाले काका त्या दिवशी आधी स्वतःची ज्वारी टाकतात, ते पीठ जनावरांसाठी बाजूला काढतात आणि मगच गिऱ्हाइकाचा डबा हातात घेतात. दर किलोला ७ रुपये, आसपास सगळीकडं तोच आहे.

आधी मी दुसरीकडं जायचे. तिथं १० किलो गव्हामागं दर खेपेला अर्धा किलो तरी कमी भरायचं. थोडी घट येतेच, पीठ उडतं, दगडाला बसतं, पण अर्धा किलो? विचारलं की ‘ताई, गहू ओला होता’. इथं पहिल्या दिवशीच काकांनी डबा काट्यावर ठेवून आकडा मला दाखवला, दळून झाल्यावर परत ठेवून परत दाखवला, मी काही बोलायच्या आतच.

काका-काकू ख्रिस्ती आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. भिंतीवर वचनाची फ्रेम नाही, क्रूस नाही. काट्याच्या मागं चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘लेवीय १९:३६’ एवढंच लिहिलंय, तेही वाकून बघितलं तर दिसतं. लेवीय म्हणजे बायबलमधलं एक पुस्तक, त्याचा १९ वा अध्याय. घरी येऊन तो अख्खा वाचला. सुरुवातीलाच देव म्हणतो, मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा, आणि मग सांगतो काय, तर शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा, मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, आणि शेवटी शेवटी, तराजू खरा ठेवा, वजनं खरी ठेवा, एफा खरा ठेवा. एफा म्हणजे धान्याचं, पिठाचं माप! लहानपणापासून पवित्र म्हणलं की मला पांढरी साडी, प्रभुभोजनाचा प्याला आणि ‘सिनेमाला जायचं नाही’ एवढंच आठवायचं, आणि इथं त्याच अध्यायात पिठाचं माप निघालं. काकांकडं हाताखाली एक पोरगं आहे, त्याची हजेरी रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी त्याच्या हातात पडते, हे मी स्वतः उभं राहून बघितलंय.

आता मला खरं सांगायचंय ते उपवासाच्या जात्याचं. बऱ्याच गिरण्यांत असतं तसं इथंही एक लहान जातं वेगळं आहे, वरी, राजगिरा, शाबू एवढंच त्यात. दगड तसलाच, मोटर तसलीच. फक्त कुणासाठी ठेवलंय ते ठरलेलं. एका शनिवारी संध्याकाळी मोठ्या गिरणीचा पट्टा तुटला, माझ्या पुढं आठ डबे, रविवारी बंद, सगळ्यांची कुरकुर सुरू. मीच म्हणलं, काका, ते बारकं जातं रिकामंच आहे की, त्यात काढा ज्वारी, मागनं धुऊन पुसून ठेवा, कुणाला कळणारंय? काका पट्टा बसवता बसवता म्हणाले, ‘ताई, माणसं विश्वासानं पीठ नेतात. उद्या एकादशी हाय.’ एवढंच. वर मान करून बघितलंपण नाही. पाऊण तास सगळे थांबलो.

तो माणूस स्वतः एकादशी धरत नाही. धरणाऱ्या शेजाऱ्यांसाठी ते जातं राखतो, आणि ज्याच्यासाठी राखतो तो बघायलासुद्धा तिथं नसतो. पवित्र या शब्दाला हिब्रूत कादोश म्हणतात, वेगळा काढून ठेवलेला असा अर्थ, हे पाळकसाहेबांकडून कितीदा ऐकलं असेल, पण मला ते त्या पाऊण तासात समजलं. माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कामाला होती, डॉ. वानलेस यांनी १८९४ ला सुरू केलेलं ते, ती सांगायची की उकळलेली हत्यारं झाकून ठेवायची ती शोभेला नाही, माणूस टेबलावर आला की लागतात म्हणून. बायबलात जखऱ्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात लिहिलंय की यरुशलेमातलं प्रत्येक भांडंकुंडं परमेश्वराला पवित्र होईल. स्वयंपाकाचं भांडं! मग माझा दळणाचा डबापण आलाच त्यात, आणि ऑफिसात खोटी सही करून लवकर निघायची माझी सवयपण आली. ती मी सोडली. सोपं गेलं नाही, दोन मैत्रिणी अजून नीट बोलत नाहीत.

तक्रारी आहेतच. बसायला एकच बाकडं, आवाजात फोन लागला तरी ऐकू येत नाही, काकू सुट्ट्या पैशांवरून जरा तडकतात (आता स्कॅनर लावलाय). शनिवारी संध्याकाळी जाऊच नका, रविवार बंद असल्यामुळं तुफान गर्दी असते. सकाळी १० च्या आत डबा ठेवा, दुपारी मिळतो. वरी धुतली असेल तर खडखडीत वाळवून न्या, जरा जरी दमट लागली तरी काका परत पाठवतात. पीठ घरी आणल्यावर निवेपर्यंत झाकण लावू नका.