जावाचा डायनॅमो गेला आणि १६,८५० रुपयेही

बाबांच्या जुन्या जावा मोटरसायकलला ६ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टचं चार्जिंग किट बसवून देतो म्हणत एका माणसानं गेल्या महिन्यात माझे १६,८५० रुपये घेतले आणि वर गाडीचा मूळ डायनॅमो, म्हणजे वीज तयार करणारा भागही नेला. पैशांपेक्षा डायनॅमोचं दुःख जास्त आहे. रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत अशा जुन्या गाड्या जपून ठेवलेल्या आहेत. तो माणूस त्यांच्या दारातही पोचेल, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

गाडी १९६८ ची, २५० सीसी, म्हैसूरच्या आयडियल जावाची. ६ व्होल्ट, ४५ वॅटचा डायनॅमो. रात्री चौकात थांबलं की हेडलाइट पिवळा पडतो आणि ब्रेक लावला की आणखी मंद होतो. बाबा आता चालवत नाहीत, पण रविवारी मी त्यांना मागे बसवून राजवाड्यापर्यंत नेतो. अंधारात त्यांना घेऊन यायची भीती वाटायची. त्यासाठीच हा सगळा खटाटोप केला. हौस म्हणून पैसे उधळले नाहीत.

माणूस ओळखीच्या ओळखीतून आला. रिंग रोडलगत भाड्याचं शटर, आत दोन येझदी आणि एक राजदूत उघडून ठेवलेल्या. बोलणं इतकं मुद्द्याचं की शंकाच येऊ नये. डायनॅमो आणि चार्जिंगचे भाग, आर्मेचर, कम्युटेटर, कटआउट, सगळं नीट समजावून सांगायचा. हिशोब असा: किट १४,५००, फिटिंग १,२००, नवी बॅटरी १,६५०, आणि जुना डायनॅमो 'बायबॅक'मध्ये म्हणून ५०० वजा. ८,००० आधी फोनवरून पाठवले, ८,८५० फिटिंगच्या दिवशी रोख दिले. रोख का, हे मी विचारलं नाही. बिल मागितलं तर म्हणाला, "भैया, जीएसटी लगेगा, फालतू में ढाई हज़ार और।" मी गप्प बसलो.

आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यांसमोर येतो.

फिटिंग झालं. त्यानं बॅटरीला मीटर लावला. इंजिन बंद असताना १२.७ व्होल्ट. किक मारली, रेस दिली, हेडलाइट लावला. उजेड पांढराशुभ्र, समोरची भिंत लख्ख. मी भिंतीकडे बघत राहिलो, आणि मीटरवर आकडा आला १२.४. वाढायच्या ऐवजी उतरला! चार्जिंग चालू असलं की बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं, हे मला माहीत होतं. घरच्या कारची बॅटरी मीच तपासतो. मी विचारलंसुद्धा. तो हसून म्हणाला, "नई बैटरी है, धीरे-धीरे पकड़ेगी।" त्याआधी अर्ध्या तासापूर्वी त्यानं हेडलाइटच्या टोपातल्या चार्जिंगच्या लाल दिव्याची वायर कापली होती. नव्या किटमध्ये त्याचं काम नाही म्हणे. जो दिवा खरं सांगणार होता, तोच त्यानं माझ्या डोळ्यांदेखत बंद केला, आणि मी वर पक्कड धरून त्याला मदत केली.

रेस वाढवल्यावर आकडा खाली जात असेल तर गाडी तिथंच बंद करा. कुणाचं काही ऐकू नका.

चार दिवस दिवसा चालवली, छान चालली. पाचव्या दिवशी महूला गेलो, परतायला अंधार झाला. राऊच्या अलीकडे हेडलाइट लाल होत गेला, इंजिन फटफटलं आणि बंद. हिशोब साधा आहे: बॅटरी ५ अँपिअर-अवरची, म्हणजे ५ अँपिअर तासभर देणारी, दिवा ३५ वॅटचा म्हणजे जवळजवळ ३ अँपिअर, त्यात टेललाइट आणि इग्निशन. चार्जिंग नसेल तर अशी बॅटरी तास-सव्वा तासात संपणारच. चार दिवस मी फक्त त्यानं भरून दिलेल्या बॅटरीवर गाडी चालवत होतो. टेम्पोचे ७०० रुपये वेगळे गेले.

सियागंजातल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियननं किट उघडलं. स्टेटर, म्हणजे वीज तयार करणाऱ्या कॉइलांची चकती, कुठल्यातरी भंगार मोटरसायकलचा, त्यावरचा नंबर ग्राइंडरनं घासलेला. एका कॉइलची तार तुटलेली, दुसरी जळून बॉडीला लागलेली. व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचा काळा डबा कापला तर आत नुसतं रेझिन. स्टेटरमधून येणाऱ्या तीन वायरींपैकी प्रत्येक जोडीवर सारखा एसी व्होल्टेज यायला हवा आणि रेसबरोबर तो चढायला हवा. पैसे देण्याआधी हे मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मग ते काका म्हणाले, "पुराना वाला लाते तो कार्बन बदल देता, कटआउट के पॉइंट घिस देता। तीन-चार सौ में हो जाता।" म्हणजे मुळात फार काही बिघडलेलंच नव्हतं.

जुना पार्ट कुणालाही देऊ नका. पिशवीत घालून घरी आणा.

शटर बंद, फोन बंद. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तर "साहब राउंड पर हैं". दुसऱ्यांदा अर्ज लिहून आणायला सांगितलं. लिहिला, दिला, पोच मागितली तर शिपायानं अशा नजरेनं पाहिलं की चोर मीच. तिसऱ्यांदा ऐकवलं, "आपने अपनी मर्ज़ी से पैसे दिए ना? ये सिविल मामला है।" नुसतं रेझिन भरलेला डबा नवा रेग्युलेटर म्हणून विकणं यांना सिविल वाटतं! फसवणुकीचं पूर्वीचं ४२०, आताच्या न्याय संहितेचं कलम ३१८, मी छापून नेलं होतं. त्यांनी तो कागद उलटा करून टेबलावर ठेवला. वर म्हणे, दुकान दुसऱ्या हद्दीत येतं. दुसऱ्या हद्दीतले म्हणाले, पैसे जिथून पाठवले तिथं जा. बँकेचं उत्तर, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहकांसाठीच्या फोनवर बावीस मिनिटं संगीत, मग एकच प्रश्न: बिल नंबर? बिल घेऊन कोण फसवतो? सहा सुट्ट्या गेल्या. एकानंही तो कापलेला डबा हातात घेऊन पाहिला नाही. मी तो प्रत्येक ठिकाणी पिशवीतून नेत होतो.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. ८,००० चा पुरावा फोनमध्ये आहे; ८,८५० रोख होते, त्यांचा काहीच नाही. रोख देऊ नका. चॅट पुसू नका. काम चालू असताना मीटरचा व्हिडिओ काढा.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी ते चप्पल घालून ओसरीवर येऊन बसतात आणि मी कार्ब्युरेटरचं काम चाललंय म्हणतो.

डायनॅमोच्या बॉडीवर, वायर बाहेर येते त्याच्या बाजूला, बाबांनी १९८१ साली पंचनं 'वि' कोरलेला आहे, वेलांटी जरा तुटकी. इंदूर, देवास, उज्जैन, कुठंही जुन्या जावाच्या पार्टांत तो दिसला तर विकत घेऊन ठेवा. लागतील तेवढे पैसे मी देईन.