सापासाठी पीव्हीसी बोर्डचं एन्क्लोजर (खोकं), एका पावसाळ्यानंतर: बोर्ड पास, सिलिकॉनवरून भांडण

आधी बोर्डाचं सांगून टाकतो, कारण माझी तक्रार बोर्डाची नाहीच. चार बाय दोन बाय दोन फूट, 18 मिमी पीव्हीसी फोम बोर्ड, पुढे सरकत्या काचा. आत बॉल पायथन, म्हणजे परदेशी जातीचा छोटा अजगर, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदलेला. ठाण्यातला अख्खा पावसाळा गेला, आत आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास, बाहेर त्याहून जास्त, तरी एक कड फुगली नाही. आधीच्या कमर्शियल प्लायच्या खोक्याचे तळाशी पापुद्रे सुटले होते आणि त्यातला युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद ऊब मिळाली की वास मारायचा. सुतार देवदार लावू म्हणत होता, "स्वस्तात बसेल, कीडही लागत नाही." कीड लागत नाही ती त्याच्या उग्र तेलामुळे, आणि बंद खोक्यात तेच तेल साप चोवीस तास हुंगणार. नको.

आता सिलिकॉन, म्हणजे सांधे बुजवायचं ते ट्यूबमधलं. वागळे इस्टेटमध्ये किचन ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपकडून हे करून घेतलं. कोटेशनवर स्पष्ट लिहिलेलं: अ‍ॅक्वेरियम सिलिकॉन. माल पोचवायला आलेला पोरगा उरलेली ट्यूब आतच विसरून गेला, म्हणून कळलं. मागे बारीक अक्षरांत अँटी-फंगल, आणि खाली मत्स्यटाकीसाठी वापरू नये. फोन केला तर शेठ म्हणतात, "अहो साहेब, सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन. उलट भारीतलं वापरलंय, काळं पडणार नाही."

काळं पडत नाही, कारण त्यातलं बुरशीनाशक हळूहळू वर येत राहतं. बाथरूमला उत्तम. इथे काचेवर दव धरतं, थेंब ओघळून सांध्यात साचतात आणि साप ते पितो. शिवाय रात्रभर त्याच सांध्याला नाक घासत फिरतो. हे शेठना समजावताना माझा आवाज चढला, सोसायटीच्या वॉचमननेही ऐकलं. अखेर "मजुरी आमची, ट्यूब तुमची" यावर मिटलं. पहिल्या ट्यूबचे पैसे बिलात मी भरलेलेच होते, हे वेगळं.

जुनं सगळं ब्लेडने खरवडून, स्पिरिटने पुसून काढावं लागलं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. जांभळी नाक्यावरून अ‍ॅक्वेरियमवाली ट्यूब आणली, व्हिनेगरसारखा वास येणारी. तो वास अ‍ॅसिटिक आम्लाचा, पूर्ण सुकलं की जातो. मी निर्धास्त.

गणपतीच्या सुमारास पाण्याच्या भांड्यामागची पट्टी नखाने ओढली तर अख्खी हातात आली. अ‍ॅसिटिक सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, पीव्हीसीला धड धरत नाही. ट्यूबवर मासा छापलेला असला की झालं, हे माझं मत तिथे संपलं. पीव्हीसीला लागतं न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, आणि त्यातही बुरशीनाशक नसलेलं. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो "सगळ्याला चालतं" म्हणतो. कंपनीची डेटाशीट डाउनलोड करून वाचा. शेवटी तसं लावलं, आणि ते दिवसाला साधारण 2 मिमी सुकतं म्हणून आठवडाभर काचा उघड्या ठेवून खोकं रिकामं ठेवलं. साप तोवर प्लास्टिकच्या टबात, फुत्कारत.

बाकी किरकोळ. सिरॅमिक हीटरला प्लास्टिकचा होल्डर लावला होता, तो काढून पोर्सिलेनचा घातला आणि छतापासून खाली घेतला, कारण पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. हीटरभोवती जाळी, थर्मोस्टॅट 32 वर. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर, मात्र त्या पोराने सेलोटेपने चिकटवला होता! टेप सापाला चिकटली तर सोडवताना कातडी सोलून निघते. स्क्रूची क्लिप मारा, दोन रुपयांची येते.

प्लायपेक्षा महाग पडलं, तरी पुन्हा घ्यायचं झालं तर पीव्हीसीच घेईन. ट्यूब माझी, आणि फोडायची माझ्यासमोर. परवा शेठनी रेटिंगची लिंक पाठवली. पहिल्या ट्यूबचे अडीचशे रुपये आधी जीपे करा, म्हणून कळवलंय.