बॅटरीची चेनसॉ, बरेच महिने वापरल्यावर: कापते झकास, पण तेलाचं काय?

चेनला वंगण म्हणून टाकीत भरायचं तेल गळतं. कापणं, वजन, बॅटरी यावर खाली लिहिलंय, पण कुठल्याही जाहिरातीत न सांगितलेली गोष्ट आधी. काम संपवून मशीन पुसून फळीवर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर खाली तळहाताएवढा काळपट डाग. त्यात भुसा कालवला जातो आणि असा चिकट लगदा होतो की फळी खरवडूनच काढावी लागते. खाली पुठ्ठा ठेवला, पुठ्ठा भिजला. पुठ्ठ्याखाली ट्रे ठेवला, आता ट्रे धुवायचं काम वाढलं. एवढं महागाचं मशीन आणि त्याच्या बुडाशी कायम एक ट्रे!

सर्व्हिस सेंटरवाल्यांचं म्हणणं, "सर, सगळ्याच गळतात." मग वॉरंटी कशाची देता? बराच वाद घातल्यावर त्यांनी मशीन ठेवून घेतलं आणि काही दिवसांनी परत दिलं. कागदावर शेरा: 'गळती आढळली नाही'. घरी आणून टाकी उघडली तर आत थेंब नाही. यांनी आधी तेल ओतून टाकलं आणि मग गळती तपासली! पुन्हा फोन केला तर म्हणे तक्रार 'बंद' झाली आहे, नवी नोंदवा. नोंदवली. तीही बंद झाली.

असो. घेतली कशासाठी ते सांगतो. घरामागे झाडं आहेत, वादळात फांद्या पडतात, दोन वाळलेली झाडं आडवी झालेली होती आणि कुंपणाकडेचं रान माजलं होतं. धंदा नाही, ठेका नाही. महिन्यात एखाद-दोन वेळा काम, मधे कधी दोन-दोन महिने हातही लावायचा नाही. हा शेवटचा मुद्दा निवडीत सगळ्यात जड. लोक सीसी आणि बारची (ज्या पट्टीवरून चेन फिरते तिची) लांबी विचारत बसतात, मशीन किती दिवस नुसतं पडून राहणार हे कुणी विचारत नाही.

पेट्रोलची चेनसॉ मावसभावाकडून आणून वापरली होती. ताकदीला तोड नाही. पण लिटरला २० मिली टू-स्ट्रोक तेल मोजून कालवायचं, म्हणजे ५०:१. उरलेलं मिश्रण टाकीत राहिलं की इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, कार्ब्युरेटरचा पातळ पडदा कडक होतो, नळ्यांना चिरा जातात. मग पुढच्या वेळी दोरी ओढा, चोक लावा, चोक काढा, प्लग ओला झाला म्हणून काढून पुसा. रोज वापरणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. त्याने पेट्रोलचीच घ्यावी. माझ्यासारख्याची अर्धी सकाळ दोरीतच जाते. वर आवाज शंभर डेसिबलच्या पुढे, कानाला मफ लावल्याशिवाय उभं राहवत नाही.

वायरची इलेक्ट्रिक सगळ्यात स्वस्त आणि ताकदीलाही बरी. ओंडके एका जागी आणून सर्पण पाडायचं असेल तर डोळे झाकून तीच घ्या, पैसे वाचतील. फांद्यांच्या गुंत्यात मात्र वायर सारखी पायात येते, आणि चेन चालू असताना वायर कुठे आहे हे शोधत राहणं मला पटलं नाही.

म्हणून बॅटरी, १४ इंची बार. दुकानात १६ आणि १८ इंचाचा आग्रह होतो. ऐकू नका. बार जेवढा लांब तेवढी चेन जास्त, घर्षण जास्त, आणि ते सगळं त्याच मोटरने ओढायचं. माझ्याकडचे बहुतेक बुंधे दहा इंचांच्या आतले. एखादा जाड निघालाच तर दोन्ही बाजूंनी काप घेऊन १४ इंचातही काम होतं.

बॅटरीच्या आकड्यांबद्दल थोडं, कारण इथे फसवाफसवी नसली तरी शब्दांची कसरत बरीच आहे. डब्यावर '४० व्होल्ट मॅक्स' असतं. आत १० सेल एकामागे एक, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, म्हणजे कामाचे ३६ व्होल्ट. ४० हा पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा. नुसत्या व्होल्टवर तुलना करू नका, व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. माझी ५ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे १८० वॉट-तास. कापताना मोटर १२०० वॉट ओढत असेल तर सलग नऊ मिनिटांत बॅटरी संपली. ऐकायला भयंकर वाटतं, पण सलग कापतं कोण? एक काप घ्यायचा, फांदी ओढून बाजूला टाकायची, पुढची बघायची, घाम पुसायचा. अशा कामात एक चार्ज तासभर सहज पुरतो, आणि तोवर माझाही चार्ज संपलेला असतो.

कापण्याबद्दल मात्र पहिल्याच दिवशी खूश झालो. मनगटाएवढी फांदी म्हणजे काहीच नाही. बटण सोडलं की पूर्ण शांतता, आणि त्याचा एक फायदा आधी डोक्यात आला नव्हता: लाकूड कुरकुरायला लागलं की ऐकू येतं. पेट्रोलच्या मशीनवर हा इशारा आवाजात बुडून जायचा. बाभळीसारख्या कठीण लाकडात जोर लावून दाबलं तर मोटर स्वतःच बंद पडते. दाबायचं नाही, मशीनचं वजन पुरेसं आहे. बॅटरीसकट पाच किलोच्या आसपास आहे.

शांततेचा तोटाही आहे. पेट्रोलचं मशीन फुरफुरत असतं, त्यामुळे ते जिवंत आहे याचा विसर पडत नाही. हे मुकं. चेनला हात लावायच्या आधी बॅटरी बाहेर काढायचीच, 'एवढंसं तर घट्ट करायचंय' म्हणून सूट नाही. आणि बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकू द्यायचा नाही. तिथे चेन अडली की अख्खा बार तोंडाच्या दिशेने उसळतो. चेन ब्रेक त्यासाठीच असतो, पण तो लागेपर्यंतचा क्षण आपला नसतो. खांद्याच्या वर धरून कापणं बंद, शिडीवर चढून तर मुळीच नाही.

पुढे काही महिन्यांनी मशीन रडायला लागलं. तेच लाकूड, पण काप पुढे सरकेना, धूर निघायला लागला, बॅटरी अर्ध्या वेळात संपायची. सर्व्हिस सेंटरने फोनवरच निदान केलं: बॅटरी 'डाऊन' झाली, नवी घ्या. तिची किंमत ऐकून मी फोन ठेवला. लाकडाच्या कामात आयुष्य गेलेले एक काका शेजारी राहतात. त्यांनी मशीनकडे बघितलंही नाही. खाली पडलेला भुसा चिमटीत घेतला आणि म्हणाले, "पीठ पडतंय. कानस मार." धारदार चेन लाकडाचे कपचे काढते, बोथट चेन पीठ काढते. निदान एवढं सोपं असतं.

माझी चेन ३/८ लो प्रोफाइल (३/८ इंच हे पिच, म्हणजे कड्यांमधलं अंतर; लो प्रोफाइल म्हणजे बुटकी), तिला ४ मिलीमीटरची गोल कानस लागते. .३२५ पिचला ४.८ ची. चुकीच्या जाडीच्या कानशीने दाताचा आकारच बिघडतो. दातावर ३० अंशांची खूण असते, त्या रेषेत फक्त पुढे ढकलायचं, मागे ओढताना उचलायचं. प्रत्येक दाताला सारखेच हात, नाहीतर काप एका बाजूला वाकत जातो. दातापुढे जो बुटका उंचवटा असतो तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलीमीटर खाली हवा. दात झिजत गेला की तो उंच राहतो, आणि मग कितीही धार लावा, दात लाकडापर्यंत पोचतच नाही. काकांनी हे सगळं दाखवलं, चहाही न घेता गेले.

हा दात आला कुठून, तीही गंमत आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला बुंध्यात भोक पाडणारी भुंग्याची अळी दिसली. ती डावीकडे-उजवीकडे जबडे चालवत लाकूड खात होती, रेषा आडवी असो की उभी. त्याने तशी चेन बनवली, डावा दात, उजवा दात. आजही बहुतेक चेन त्याच घडणीच्या. कधी आपली चेन निरखून बघा, अळीचा जबडा दिसेल.

कानस मारल्यावर बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी पुरायला लागली. मशीनबद्दलचं माझं मत तेव्हा पुन्हा चांगलं झालं. सेंटरबद्दलचं नाही.

आता पुन्हा तेल. एवढी चिडचिड झाल्यावर मी स्वतःच शोधायला बसलो. पंप फक्त चेन फिरताना चालतो, त्यामुळे बंद मशीनमधून पंपाने तेल येण्याचा प्रश्नच नाही. येतं ते दोन वाटांनी. एक म्हणजे बारच्या खाचेत आणि कव्हरच्या आत साचलेलं तेल हळूहळू ओघळतं. दुसरं म्हणजे काम करताना मशीन तापतं, टाकीतली हवा फुगते, झाकण घट्ट असतं, मग तेल मिळेल त्या वाटेने बाहेर. म्हणून आता काम संपलं की झाकण एकदा सैल करून पुन्हा लावतो, कव्हर उघडून भुशाचा गाळ काढतो, आणि बरेच दिवस वापरणार नसेन तर टाकीतलं तेल बाटलीत परत. डाग तळहाताचा रुपयाएवढा झाला. हीच चार वाक्यं पुस्तिकेत छापायला काय हरकत होती? पुस्तिकेत दहा पानं इशाऱ्यांची आहेत आणि तेलाच्या प्रकरणात 'शिफारस केलेलंच वापरा' एवढंच.

तेल कुठलं यावरही काटकसर करून झाली. गाडीचं काढलेलं जुनं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात धातूचा बारीक चुरा असतो, पंप आणि बार दोन्ही खातं, आणि सगळं उडून आपल्याच जमिनीत जातं. खाद्यतेल चालतं म्हणतात. चालतं, पण मशीन ठेवून दिलं की गोंदासारखं होऊन पंप अडकतो. बारच्या तेलात चिकटपणा आणणारं द्रव्य असतं, बोटांत धरून ओढलं तर तंतू निघतो. तो गुण नसेल तर तेल टोकाच्या वळणावर उडून जातं. येतंय का हे बघायचं असेल तर बारचं टोक पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून मशीन चालवा, तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे.

टाकी मात्र लहानच आहे. पेट्रोलमध्ये हिशोब सरळ असतो: इंधन संपलं की दोन्ही टाक्या भरा. इथे बॅटरी शिल्लक असताना तेल संपतं, आणि तेलाची पातळी दाखवणारी खिडकी इतकी अरुंद की भुशाखाली ती दिसतही नाही. कोरडी चेन दोन मिनिटांत बार निळा करते. गळायला तेल आहे, पुरायला नाही!

पाचपैकी साडेतीन देतो. कमी वापर असेल तर हाच प्रकार घ्या, फक्त दुसऱ्या बॅटरीच्या आधी दोन जास्तीच्या चेन घेऊन ठेवा. मातीला एकदा टेकली की चेन गेली, आणि रानात बसून कानस मारण्यापेक्षा चेन बदलणं सोपं. घेताना बारवर कोरलेलं पिच, गेज (बारच्या खाचेची रुंदी) आणि ड्राइव्ह लिंकची (खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या वाचून घ्या, कारण १४ इंची सगळ्या चेन एकसारख्या नसतात. मला त्याच सेंटरने ५२ लिंकच्या जागी ५० ची दिली. बारवर चढेना म्हणून परत नेली तर म्हणाले, "पाकीट फोडलंय सर, आता बदलून मिळणार नाही."