बारशिंग्यासाठी कान्हा, तेही मुक्की गेटने: नाशिककरांसाठी सफारीचं परीक्षण

गुण आधी सांगतो: पाचपैकी चार. हरणं बघायला महाराष्ट्राबाहेर जायचं असेल, तर मध्य प्रदेश वन विभागाची कान्हातली सफारी घ्या आणि ती मुक्की गेटने घ्या. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

आपल्याकडे येवल्याच्या ममदापूरला काळवीट दिसतात, पण बारशिंगा बघायचा तर राज्याची हद्द ओलांडावीच लागते. त्यातही कडक जमिनीवर राहणारी त्याची जात ही कान्हाची खासियत. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या बारशिंग्याचे खूर दलदलीत चालता यावं म्हणून फाकलेले असतात, कान्हातल्याचे घट्ट मिटलेले. १९७० च्या मोजणीत ही जात ६६ वर आली होती. त्याच्या आदल्या वर्षी जंगलातलं सोंफ गाव बाहेर वसवलं गेलं. गावाच्या शेतांवर गवत वाढलं आणि बारशिंगे तिथे उतरले. पुढे वाघ-बिबट्यांना शिरता येणार नाही असं कुंपण घालून त्यात पैदास केली. आज संख्या हजाराच्या आसपास आहे आणि २०१५ पासून कान्हातले बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही नेऊन सोडले आहेत. मुक्कीतून आत गेल्यावर तुम्ही बघणार ते मैदान सोंफचंच.

अनोळखी जंगलात शोध कुठे घ्यायचा, हे त्याच्या खाण्यावरून ठरतं. बारशिंगा झाडपाल्याला फारसं तोंड लावत नाही, त्याचं पोट गवतावर. म्हणून तो मैदानात आणि पाण्याच्या कडेला दिसतो. सांबर पाला, फळं, गवत सगळं खातं, त्यामुळे ते साल वृक्षांच्या दाट सावलीत निघतं. चितळ दोन्हीकडे. परमिट काढण्याआधी नकाशा उघडून रस्त्याच्या कडेची मैदानं आणि तळी टिपून ठेवा, म्हणजे सकाळचा पहिला तास कुठे घालवायचा हे गेटवर ठरवत बसावं लागत नाही.

महिना चुकला तर बाकी तयारीचा उपयोग नाही. उन्हाळ्यात शिंगं गळतात, पावसाळाभर नवी शिंगं कोवळ्या लवदार कातडीखाली वाढतात आणि पाऊस सरला की ती घासून टणक होतात. माजाचा, म्हणजे मीलनकाळाचा, जोर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतो. नाताळ ते ३१ डिसेंबर हा गर्दीचा कळस नेमका त्यातच येतो. आमची शिफारस डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा, नाहीतर ६ ते १५ जानेवारी. एप्रिल-मेमध्ये वाघ पाण्यावर येतात म्हणून लोक तेव्हा जातात, पण बारशिंग्याचा मुकुट त्या दिवसांत भरवशाचा नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं आणि हंगामातही बुधवारी दुपारची फेरी नसते. बुधवारी दुपारी पोहोचून लगेच आत शिरायचा बेत बऱ्याच जणांचा इथेच फसतो.

बुकिंग एमपी ऑनलाइनच्या वन विभागाच्या पोर्टलवर होतं, सुमारे चार महिने आधीपासून. गेट, झोन, तारीख, फेरी आणि मग प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक. इथे घाई करू नका. परमिटवर आधारचा क्रमांक असेल तर गेटवर तेच मूळ आधार हातात हवं, त्याच्या जागी लायसन्स पुढे करून भागत नाही. ऐनवेळी नाव बदलायचा भरवसा धरू नका. गटातला एखादा ‘बघतो, सांगतो’ म्हणत असेल तर त्याला वगळूनच परमिट काढा. ऑनलाइन भरता ते फक्त प्रवेशाचे. जिप्सीचं भाडं आणि गाईडची फी वेगळी असते. एजंट ‘सगळं मिळून’ आकडा सांगतो तेव्हा या तीन रकमा सुट्या मागून घ्या आणि परमिटची प्रत आधी मागवा.

सगळ्यात महत्त्वाची निवड पुढची आहे. परमिट दोन प्रकारे मिळतं: एकेक सीट, किंवा सहा जणांची अख्खी गाडी. हरणांसाठी जाणाऱ्याने अख्खी गाडीच घ्यावी, दोघंच असाल तरी. सीट घेतली तर उरलेल्या जागांवरचे लोक वाघासाठी आलेले असतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते. माजावरच्या नरासमोर पाऊण तास थांबू या, असं तुम्ही म्हणाल तेव्हा मत पाच विरुद्ध एक पडतं. नाशिकहून चौघांचा गट जमवला तर खर्च विभागून बेताचा होतो, मागे दोन कॅमेरे मोकळे फिरतात आणि बॅगांनाही जागा राहते.

परमिट एका झोनपुरतंच असतं. दुसऱ्या, खटिया गेटची बाजू जबलपूरहून येणाऱ्यांना सोयीची, शिवाय तिथे हॉटेलं भरपूर. पण खटियाला मुक्काम करून मुक्कीची सकाळची फेरी घेऊ नका. बाहेरून जायला दीड-दोन तास मोडतात आणि गेट उजाडताच उघडतं. मुक्कीला चारपैकी तीन फेऱ्या मुक्की झोनच्या घ्या, एक कान्हा झोनची मिळाली तर बदल म्हणून ठेवा, तिथलं मैदानही मोठं आहे. गाभ्याचं परमिट संपलं की लोक बफरचं, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याचं, घेतात. बफरमध्ये चितळ, सांबर, गवे दिसतील, पण बारशिंग्यासाठी तिथे पैसे घालू नका.

नाशिक रोडहून विदर्भ एक्सप्रेसने गोंदिया, तिथून बालाघाट-बैहर मार्गे गाडीने साधारण १४० किमी, साडेतीन तास धरा. रात्री बसलात की दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत मुक्कीला पोहोचता, मात्र त्याच दिवशीची दुपारची फेरी घेऊ नका, गाडी तासभर उशिरा आली तरी परमिट वाया. जबलपूरचा रस्ताही चालतो, महानगरी किंवा गरीबरथने. फरक परतीला कळतो. महानगरी वाराणसीहून येते आणि डिसेंबर-जानेवारीच्या उत्तरेकडच्या धुक्यात तिचं वेळापत्रक कोलमडतं. विदर्भ गोंदियातूनच सुटते आणि गरीबरथ जबलपूरहून, म्हणून परतीला या दोन गाड्या बऱ्या. स्वतःच्या गाडीने समृद्धीवरून नागपूर आणि पुढे मुक्की असंही जाता येतं, पण एकाच दिवसात रेटू नका, मधे मुक्काम करा. रोख रक्कम बैहरलाच काढा आणि परमिटची छापील प्रत जवळ ठेवा, पुढे रेंजचा भरवसा नाही. राहायला मुक्कीला पर्यटन मंडळाचं कान्हा सफारी लॉज गेटजवळ आहे, बंजर नदीला लागून. जागा उत्तम.

थंडीबद्दल निफाडच्या लोकांना काही सांगायला नको, तरी एक सांगतो: तिथे पारा तेवढाच उतरतो आणि तुम्ही उघड्या जिप्सीत असता. मैदानावर सकाळी दंव गोठलेलं असतं. अंगालगत थर्मल, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, आणि बोटं उघडी राहतील असे हातमोजे, नाहीतर शटर दाबता येत नाही. नऊनंतर ऊन चढलं की एकेक थर उतरवायचा. कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे. लॉजमध्ये मागितलं तर गरम पाण्याची पिशवी देतात, ती मांडीवर ठेवा.

कॅमेऱ्याला १००-४०० ची लेन्स पुरते. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपायला वापरता तीच आणा. ट्रायपॉडला जिप्सीत जागा नसते. त्याऐवजी कापडी पिशवी रिकामी आणायची, तिथे दीड-दोन किलो तांदूळ भरून गाडीच्या दांडीवर ठेवायची. थंडीतून गरम खोलीत आल्यावर कॅमेऱ्याची बॅग लगेच उघडू नका, काचेवर बाष्प धरतं. उभ्या जनावराला १/५०० पुरतो, दोन नर शिंगं भिडवत असतील तर १/१००० किंवा वर. धुकं असेल तर एक्सपोजर थोडं चढवा, नाहीतर फोटो राखाडी येतो. गाभा क्षेत्रात मोबाईल बाहेर काढता येणार नाही असं धरूनच निघा.

गाडीत बसल्याबसल्या गाईडला आणि ड्रायव्हरला स्पष्ट सांगा: ‘टायगर मिला तो ठीक, हमको बारासिंगा देखना है, मैदान में इंजन बंद करके रुकेंगे.’ हे फेरीच्या सुरुवातीलाच सांगायचं. अर्ध्या वाटेवर सांगितलं तर गाडी पुढच्या पाणवठ्याकडे निघालेली असते. मैदानाच्या कडेला गाडी अशी लावायला सांगा की ऊन पाठीमागून किंवा बाजूने येईल. मग थांबा. माजावरचा नर शिंगं गवतात घुसळतो आणि मान वर करतो तेव्हा गवताच्या ओल्या जुड्या, कधी मुळांच्या मातीसकट, शिंगांना लटकलेल्या असतात. तसाच तो मान ताठ ठेवून माद्यांच्या कळपाभोवती फिरतो आणि गाढवाच्या ओरडण्यासारखी लांबलचक साद घालतो. तोंडातून निघणारी वाफ सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसते. यासाठीच इतका प्रवास करायचा. शिंगांची टोकं मोजा, बहुतेक नरांना दहा ते चौदा असतात. पण ही मजा थांबणाऱ्यालाच मिळते, दोन मिनिटांत गाडी हलवणाऱ्याला मागे लपलेली पिल्लं आणि दुसरा नर दिसतच नाहीत.

कापलेला गुण याच कारणासाठी. गाईड पाळीने मिळतो, निवडता येत नाही. काहींना बारशिंग्याची इत्थंभूत माहिती असते, काहींना फक्त वाघाच्या ठशांत रस. वाघाची चाहूल लागल्याचा सांबराचा ‘पोंक’ आवाज आला की समोरच्या मैदानातल्या सगळ्या जिप्स्या धुरळा उडवत निघतात आणि तुमचा ड्रायव्हरही चुळबुळ करतो. वन विभागाने हरणांसाठी वेगळी, संथ फेरी ठेवली तर पाचवा गुण आनंदाने देऊ. बाकी व्यवस्था चोख आहे. आत कचरा दिसत नाही, वेगाला लगाम आहे. नाश्त्याचा थांबा ठरलेला आहे, खाली उतरायचं ते तिथेच, स्वच्छतागृहही तिथेच. त्यामुळे पहाटेचा चहा बेताने घ्या.

गळून पडलेलं शिंग दिसलं तरी उचलू नका आणि कुणी विकायला दाखवलं तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीइतकंच हेही गुन्ह्यात बसतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हे गेटबाहेरच समजावून सांगा आणि सकाळची फेरी त्यांच्यासाठी एकच ठेवा. चार-साडेचार तास थंडीत गप्प बसणं सात-आठ वर्षांच्या मुलाला जड जातं, दुपारच्या फेरीत ती खुलतात.