नऊ महिने वापरून: बारा ट्यूबांचा तैलरंग संच आणि घरचं जवसाचं तेल

रंग चांगले आहेत, तक्रार नाही. फक्त पांढरी ट्यूब वेगळी, मोठी घ्या. मी इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं १६०१ सालचं ‘इमाऊसचं भोजन’ हे चित्र बघून शिकतोय. येशू भाकरीला आशीर्वाद देतो आणि दोन शिष्यांना तो ओळखू येतो, तो क्षण. टेबलावरच्या पांढऱ्या कापडातच माझी ट्यूब संपली.

खरं सांगायचंय ते तेलाचं. सोबत आलेली जवस तेलाची बाटली बोटभर. दुसरी मागवायला निघालो तर माय म्हणाली, “काहून विकत आनतं रे बाबू, जवस तं घरीच हाय.” घाणीवरून लिटरभर काढून आणलं आणि तेच रंगात घातलं. ही चूक झाली. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. घाणीच्या कच्च्या तेलात चिकट गाळ असतो, तो त्याला नीट वाळू देत नाही. त्यात पावसाळा. पोळा आला तरी टेबलाचं कापड बोटाला चिकटत होतं. तपकिरी सावल्या मात्र केव्हाच वाळल्या होत्या, कारण अंबर (umber) या तपकिरी रंगात मॅंगनीज असतं आणि ते वाळणं वाढवतं. तेच मॅंगनीज, जे आपल्या भंडाऱ्याच्या खाणींतून निघतं.

तेव्हा मी घरच्या तेलाला नावं ठेवली होती. ते आता मागे घेतो. काचेच्या बरणीत तेल आणि मिठाचं पाणी घुसळलं, थर वेगळे होऊ दिले, मधला गाळ काढला. असं पाच वेळा केलं. मग पातळ फडकं बांधून बरणी ऑक्टोबरच्या उन्हात ठेवली. तेल दाटलं, फिकट झालं. आता त्याचा हात चार-पाच दिवसांत वाळतो. खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे तेलकट, हा क्रम मोडू नका, नाहीतर तडे जातात.

तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नकोच. मी ती पाण्यात बुडवून ठेवतो.

बंद खोलीत राहिल्याने चित्रातलं पांढरं कापड पिवळट पडलं होतं. रंग बिघडला म्हणून दुकानदाराशी फोनवर भांडलोही. नंतर ते पडवीत उजेडात ठेवलं. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि उजेडात पुन्हा उतरतं. आठवड्याभरात कापड उजळलं, माय भाकरीच्या परातीसकट बघायला बाहेर आली.